शिफ्टची भाजी

माझ्या नातीनं पहिलं दोडकं थुंकलं ते थेट माझ्या चष्म्यावर. आठ महिन्यांची पोर, खालचे दोन दात नुकते दिसायला लागलेले, आणि नेम असा की बघत राहावं. मी चष्मा काढला, बनियनला पुसला, परत घातला आणि चमचा परत भरला. तिनं ओठ इतके घट्ट मिटले की चमच्याचं टोकसुद्धा आत जाईना. "खा गं माय, एक घास खा," म्हटलं. तिनं मान फिरवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसली. मला खरं सांगायचं तर रागच आला. चौतीस वर्षं लेथवर लोखंड सोललेला माणूस मी, आणि ही सात किलोची बया मला मोजायला तयार नव्हती.

आधी घरची परिस्थिती सांगतो, म्हणजे एका चमच्याचं मला एवढं काय पडलं होतं ते कळेल. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यातून रिटायर झालो त्याला पाच वर्षं झाली. उस्मानपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एवढं माझं राज्य. बायको जाऊन दोन वर्षं झाली. पोरगी एकुलती एक. ती आणि जावई चिकलठाण्याकडं नव्या बिल्डिंगीत राहतात. जावई जालन्याला कामाला, तो सकाळी लवकरच निघतो. पोरगी त्याच जालना रोडवर एका कंपनीत माल तपासायच्या विभागात आहे. बाळंतपणाची रजा संपली, वरून दोन महिने बिनपगारी काढले, आणि मग प्रश्न आला की लेकरू ठेवायचं कुठं. तिच्या सासूबाई गावाकडं शेतात अडकलेल्या. त्यांनी निरोप धाडला, पोर आमच्याकडं ठेवा नाहीतर नोकरी सोडा. मी म्हटलं, मी काय मेलोय व्हय? आणा इकडं.

हे मी उगाच छाती काढून बोललो नव्हतो. त्याला एक कारण होतं, आणि ते कारण कायगावच्या घाटावर घडलं होतं.

बायकोच्या दहाव्याला आम्ही सगळे तिथं गोदावरीच्या काठी गेलो होतो. पानावर पिंड, भात, आणि गेलेल्या माणसाच्या आवडीचा पदार्थ ठेवायचा असतो. आदल्या दिवशी माझ्या थोरल्या वहिनीनं विचारलं होतं, "तिला काय आवडायचं हो?" मी क्षणभर पण विचार केला नाही. म्हटलं, "पिठलं-भाकर." तसं पिठलं आलं. पण कावळा काही शिवेना. झाडावर पाच-सहा जण बसलेले, वरनं बघायचे, मान वाकडी करायचे, आणि परत पंखात चोच खुपसून बसायचे. तास गेला. लोक चुळबुळायला लागले. कुणी म्हणालं, काहीतरी इच्छा राहिली असंल. माझा या गोष्टींवर फार विश्वास नाही, पण त्या दिवशी मी पण झाडाकडंच बघत राहिलो. बायको सातवी शिकलेली. पोरीला नोकरी लागली तेव्हा तिनं बिल्डिंगीत सगळ्यांना पेढे वाटले होते, आणि पोरीचं लग्न होईपर्यंत तिच्या कंपनीचे कपडे रोज स्वतः इस्त्री करायची. म्हणून मी हात जोडून मोठ्यानं म्हणालो, "तुझ्या पोरीची नोकरी मी सुटू देणार नाय. शब्द देतो." त्याच वेळी पोरीनं पुढं होऊन पिशवीतली एक स्टीलची डबी उघडली, पानावर काहीतरी ठेवलं आणि पदरानं नाक पुसत बाजूला झाली. मी बघितलं नाही काय ठेवलं. माझे डोळे भरून आले होते. आणि कावळा आला. एकदम दोन आले. मी तिथंच खाली बसून लहान पोरासारखा रडलो.

माझ्या शब्दाला कावळा शिवला, हे मी नंतर किती जणांना सांगितलं असेल त्याला हिशेब नाही.

तर असा तो शब्द होता, आणि आता तो या नातीच्या मिटलेल्या ओठांवर येऊन अडला होता. कारण झालं काय, की ही बया माझ्याकडं दिवसभर राहायची, हसायची, माझ्या मिशा ओढायची, पण खायची नाही. सकाळी आईनं काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्यानं घ्यायची. केळं कुस्करून दिलं तर घ्यायची. नाचणीची खीर घ्यायची. गाजर, गंगाफळ ही गोडसर मंडळी पण चालून गेली. पण हिरवी भाजी दिसली की संपलं. दुधी, गिलकं, दोडकं, पालक, जे आणावं ते थुंकायची. डॉक्टरीणबाईंनी वजन केलं आणि भुवया वर केल्या. म्हणाल्या, "आजोबा, नुसत्या गोडावर ठेवू नका. भाज्यांची चव आत्ताच लागते, पुढं लागत नाही. पहिल्यांदा तोंड वाकडं केलं म्हणजे नावडलं असं नसतं. नवीन आहे म्हणून करतात. आज नाही खाल्लं तर उद्या द्या, परवा द्या. कोंबायचं मात्र नाही." मी मान हलवली. मनात म्हटलं, बाई, तुम्ही एकदा चष्मा पुसून बघा म्हणजे कळंल.

खाली कोपऱ्यावर एक भाजीवाली बसते. वयानं माझ्याएवढीच असेल, तोंडात कायम पान. मी रोज एकच दोडकं घ्यायला लागलो तेव्हा तिला मजा वाटायला लागली. "क्या चाचा, आज खाई क्या बच्ची?" असं ती लांबूनच ओरडायची. मी नुसतं डोकं हलवायचो. मग ती कोवळं बघून, नखानं टोचून एक दोडकं काढून द्यायची आणि म्हणायची, "हौ हौ, खाती कल. बच्चे ऐसेच रहते." तिचा तो 'कल' काही उगवत नव्हता.

आणि दुखणं म्हणजे रविवारी, तिकडं आपल्या घरी, आईच्या हातून हीच पोर तीच भाजी थोडी थोडी खायची. पोरगी मला सांगायची, "बाबा, काल चार चमचे घेतले तिनं दुधीचे." मला बरं वाटायचं आणि झोंबायचं पण. म्हणजे भाजीत खोट नव्हती. खोट माझ्यात होती.

एक दिवस पोरगी संध्याकाळी आली, लेकरू छातीशी घेतलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाबा, मी मेल लिहून ठेवलाय कंपनीला. नोकरी सोडायचा. अजून पाठवला नाय. पुढच्या शनिवारी परत वजन करायचंय. त्याच्यात फरक नसला तर पाठवते." मी म्हटलं, "असं कसं? मी करतोय ना." ती म्हणाली, "तुम्ही लई करताय बाबा. पण दिवसभर लेकरू उपाशी राहायलंय, आणि मी तिथं माल तपासत बसू?" तिचा आवाज तिच्या आईसारखा झाला होता. आईसारखी बोलली म्हणजे पुढं वाद नसतो हे मला ठाऊक होतं. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

मी जरा तापट आहे. कुणी माझ्या कामावर शंका घेतली की मला पुरावा द्यावासा वाटतो. पोरीला वाटत असणार बाबा धीर धरत नाहीत, घाई करतात, ओरडतात. म्हणून दुसऱ्या दिवशी मी पाण्याच्या तांब्याला मोबाईल टेकवून उभा केला आणि व्हिडिओ चालू केला. मांडी घालून नातीसमोर बसलो. दोडकं मुगाच्या डाळीबरोबर शिजवून, मऊ घोटून, वर तुपाचे दोन थेंब सोडलेले. एक शब्द चढ्या आवाजात बोललो नाही. "घे गं माझी राणी, घे गं माझी सोनी," असं पंधरा मिनिटं चाललं. पंधरा मिनिटांत तिनं एकही चमचा आत घेतला नाही, आणि शेवटी हातानं वाटी पुढं ढकलून दिली. मी मनात म्हटलं, झाला पुरावा.

संध्याकाळी पोरगी आल्यावर मी मोबाईल तिच्या हातात दिला. "बघ. बघ आता. कुठं चुकलो सांग." ती उभ्या उभ्याच बघायला लागली. आधी ओठ दाबले. मग खांदे हलायला लागले. मग ती जी हसत सुटली, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. लेकरू पण आईकडं बघून हसायला लागलं. मी म्हटलं, "काय झालं दात काढायला?"

"बाबा, तिच्याकडं नका बघू. तुमचं तोंड बघा."

मी चष्मा सारखा करून बघितलं. अरे देवा. प्रत्येक चमच्याला माझं नाक मुरडलेलं. चमचा वाटीत घातला की नाक वर, ओठांचे कोपरे खाली, एक डोळा बारीक. तोंडानं "राणी, सोनी" चाललेलं, आणि चेहऱ्यावर असं की कुणी मेलेला उंदीर शेपटीला धरून नेतोय. आणि पोर चमच्याकडं बघतच नव्हती. टक लावून माझ्या तोंडाकडं बघत होती. मी नाक मुरडलं की ती मुरडायची. मी ओठ वाकडे केले की ती करायची. शेवटी वाटी ढकलली, ती पण माझ्याच सवयीनं. मला न आवडणारी भाजी ताटात आली की मी ताट असंच दोन बोटांनी पुढं सरकवायचो, आणि हे माझ्या पोरीनं लहानपणापासून बघितलेलं.

आता हे कबूल करायला हवं. मी जन्मात दोडकं खाल्लेलं नाही. दुधी नाही, गिलकं नाही, पडवळ नाही. वेलावरच्या सगळ्या पाणचट भाज्यांना मी एकच नाव ठेवलं होतं, आजाऱ्याची भाजी. मटण, वांगं, बटाटा, पिठलं आणि ठेचा, एवढ्यावर माझं आयुष्य गेलं. लग्न झाल्या झाल्या बायकोनं एकदा दोडक्याची भाजी केली, लई हौसेनं, दाण्याचा कूट घालून. मी ताट सरकवलं आणि म्हणालो, "मी काय आजारी हाय व्हय?" ती उठली आणि पिठलं टाकलं. त्यानंतर माझ्या समोर ती भाजी कधी आली नाही. मला वाटायचं, बायकोला पण माझ्यासारखंच पिठलं आवडतं. असंच वाटायचं, देवाशप्पथ. ती माझ्यासमोर बसून तेच खायची ना.

पोरगी डोळे पुसत म्हणाली, "आता माझ्या लक्षात आलं. आई मला भरवताना स्वतः खायची. एक घास तिला, एक मला. शिफ्टची भाजी असली की आम्ही दोघी कढई पुसून खायचो."

"कसली भाजी?"

तिनं जीभ चावली. चूक झाली हे तिच्या तोंडावर दिसलं. मी परत विचारलं, "शिफ्टची भाजी म्हंजे काय?"

"काय नाय बाबा, असंच म्हणायचो."

"असंच म्हंजे? सांग की."

मग तिनं सांगितलं. माझी दर तीन आठवड्याला सेकंड शिफ्ट यायची. दुपारी घरातून निघायचो ते रात्री बारानंतर यायचो. त्या आठवड्यात संध्याकाळी आई दोडकं आणायची. शिरा काढायच्या, फोडी करायच्या, लसूण-जिऱ्याची फोडणी, दाण्याचा कूट. दोघी मायलेकी खिडकी उघडून, गॅलरीचं दार उघडून, भाजीचा वास बाहेर जाईल अशी काळजी घेत जेवायच्या. भांडी घासून पालथी घालायच्या. मग आई माझ्यासाठी पिठलं करून झाकून ठेवायची. दोघींनी त्याला नाव दिलं होतं, शिफ्टची भाजी. शाळेतून आल्यावर पोरगी विचारायची, "आई, आज शिफ्टची भाजी हाय का?" म्हणजे, बाबा आज घरी नाहीत ना?

"आणि ती तिळाची चटणी," पोरगी म्हणाली. आता तिला राहवेना. "जी तुम्ही मागून डब्यात न्यायचात. ती दोडक्याच्या शिरांची असायची."

मला लई राग आला. चटणीचा नाही, ती तर आठवून अजून तोंडाला पाणी सुटतं. राग याचा आला की माझ्याच घरात माझ्या पाठीमागं एक चूल चालत होती. "मी काय राक्षस होतो व्हय?" म्हटलं. "मला सांगता येत नव्हतं? मी काय मारत होतो तुम्हाला?"

"राक्षस नाय बाबा," पोरगी शांतपणे म्हणाली. "पण तुम्ही ताट सरकवायचात."

मी चप्पल घातली आणि घराबाहेर पडलो. कुठं जायचं ते ठरलेलं नव्हतं. पाय गुलमंडीकडं वळले, कारण बायकोबरोबर तिकडंच जायचो. लुगड्यांची दुकानं, पितळी भांड्यांची दुकानं, तीच गर्दी, तेच रिक्षावाल्यांचं "चलो चलो". ती एका भांड्याच्या दुकानापुढं नेहमी रेंगाळायची आणि मी दोन पावलं पुढं जाऊन उभा राहायचो, घड्याळ बघत. आज मी त्या दुकानापुढं थांबलो आणि माझा राग आपोआप विरत गेला. किती वेळा, म्हटलं, किती वेळा ही बाई इथं मागं राहिली असेल आणि मी वळून विचारलं नसेल की तुला काय बघायचंय.

आणि मग ते आठवलं, जे मी दोन वर्षं आठवू दिलं नव्हतं. दवाखान्यातले शेवटचे दिवस. जेवणाच्या ट्रेमध्ये पातळ वरण, मऊ भात आणि दोडक्याची भाजी. मी सवयीनं म्हणालो, "शी, हे काय देतात, थांब, मी बाहेरनं काहीतरी आणतो." तिनं माझा हात धरला. हातात जोर राहिला नव्हता, पण हसली. म्हणाली, "राहू द्या की. आता तर मी आजारीच हाय. आता तरी खाऊ द्या." मी पण हसलो होतो. मला वाटलं होतं चेष्टा करतीय. तिनं सगळी भाजी खाल्ली. मी कौतुक केलं, की चला, जेवली तरी. गुलमंडीत भर रस्त्यात मला ते कळलं, आणि मी तिथल्या पायरीवर बसून घेतलं. एका दुकानदारानं पाणी आणून दिलं. त्याला वाटलं उन्हानं चक्कर आली. ऊन कधीच उतरलं होतं.

त्या दुकानातून मी दोन स्टीलच्या वाट्या घेतल्या. एकसारख्या, एकाच आकाराच्या. घरी गेलो. पोरगी वाट बघत थांबली होती. मी म्हटलं, "भाजी कशी करायची ते सांग. तुझी आई करायची तशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीवालीनं विचारायच्या आत मी सांगितलं, "आज दोन दे." तिनं पान थुंकून माझ्याकडं बघितलं. "मेहमान आए क्या चाचा?" म्हटलं, "नाय, मीच खाणार हाय." ती अशी हसली की शेजारच्या कांदेवाल्यानं मान वळवली.

आयुष्यात पहिल्यांदा दोडक्याच्या शिरा काढल्या. लेथवर एक सूतही इकडंतिकडं होऊ न देणारा मी, तिथं अर्धं दोडकं सालीबरोबर सोलून बसलो. नातीचं बिनमिठाचं, बिनतिखटाचं वेगळं काढलं आणि घोटलं. मग माझ्या फोडणीत लसूण आणि जिरं टाकलं. वास सुटला, आणि मी कढईवर थबकलो. हा वास मला ओळखीचा होता. सेकंड शिफ्टवरून आल्यावर जिन्यात, दाराच्या चौकटीपाशी, कधी कधी तो जरासा अडकलेला असायचा. मी विचारायचो, "कशाचा वास यायलाय गं?" ती म्हणायची, "कशाचा नाय. खालच्यांकडं काहीतरी केलं असंल."

आम्ही दोघं समोरासमोर बसलो. एक वाटी तिची, एक माझी. मी पहिला घास तोंडात घातला. तोंड सरळ ठेवायचं ठरवलं होतं, पण खरं सांगतो, जमलं नाही. जिभेला ते बुळबुळीत लागलं, आणि नाक आपोआप वर गेलं. नातीनं लगेच आपलं नाक वर केलं. म्हटलं, बया, तू तर आरसाच निघालीस. दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. तिच्यापुढं चमचा नेला, तिनं जिभेनं टोक चाटलं आणि थुंकलं. मी चमचा बाजूला ठेवला. माझी वाटी संपवली. तिची पण मीच संपवली, टाकून कशाला द्यायची.

दुसऱ्या दिवशी तिनं चाटलं आणि विचार केल्यासारखी थांबली. तिसऱ्या दिवशी अर्धा चमचा आत घेतला, तोंडात घोळवला आणि हनुवटीवरून ओघळू दिला. मला त्या दिवशी भाजी वाईट लागली नाही. चौथ्या दिवशी मी दुधी केला. तिथं आम्ही दोघांनीही तोंडं वाकडी केली आणि मला हसू फुटलं, तशी ती पण खिदळली. हसता हसता तोंड उघडं होतं, तेव्हा एक चमचा आत गेला. पाचव्या दिवशी परत दोडकं. मी माझ्याच नादात खात होतो, कूट जरा जास्त झाला होता आणि छान लागत होता, खरंच छान लागत होता. माझं तिच्याकडं लक्ष नव्हतं. बघतो तर तिनं पुढं सरकून माझ्या वाटीच्या कडेला पंजा टेकवलेला, आणि तोंड उघडं. पाखराचं पिल्लू करतं तसं, आवाज न करता उघडं. मी घाईघाईनं तिच्या वाटीतला चमचा भरला. गेला. अजून एक भरला. गेला. वाटी संपली तेव्हा मी एकटाच टाळ्या वाजवत होतो.

शनिवारी डॉक्टरीणबाईंनी वजन केलं. काटा थोडासाच हलला होता, पण हलला होता. त्या म्हणाल्या, "चालू द्या असंच." पोरीनं लेकरू काट्यावरून उचलून घेतलं. माझ्याकडं आल्यावर तिनं मोबाईल काढला, तो लिहून ठेवलेला मेल माझ्या डोळ्यांसमोर पुसून टाकला आणि म्हणाली, "भूक लागलीय बाबा. काय केलंय?"

"शिफ्टची भाजी," मी म्हटलं.

तिला हसू यायला हवं होतं. तसं आलं नाही. ती स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली, मी ताट वाढलं, आणि तिनं पहिला घास घेऊन डोळे मिटले. बराच वेळ मिटलेले ठेवले. मी म्हटलं, "मीठ कमी झालंय का?" तिनं मान हलवली. "आईसारखी झालीय," म्हणाली. मग म्हणाली, "एक सांगू का? रागवू नका."

"आता काय राहिलंय सांगायचं?"

"कायगावला त्या दिवशी मी डबीतनं पानावर ठेवलं ना काहीतरी..."

"व्हय."

"दोडक्याची भाजी होती. सकाळी लवकर उठून केली होती. तुम्ही पिठलं सांगितलं, मला चारचौघांत बोलवेना. पण तासभर कावळा येईना, तेव्हा मला राहवलं नाय."

मी भिंतीला टेकलो. दोन वर्षं मी जगाला सांगत होतो, कावळा माझ्या शब्दाला शिवला म्हणून. पोरगी घाईघाईनं म्हणाली, "तुमचा शब्द पण ऐकलाच असंल की आईनं." ती माझी समजूत काढायलीय हे मला कळत होतं. पस्तीस वर्षं माझ्या समोर बसून जेवलेल्या बाईला काय आवडायचं, ते घाटावरच्या कावळ्याला माझ्या आधी कळलं होतं.

नातीनं रिकामी वाटी फरशीवर आपटली आणि माझ्याकडं बघून तोंड उघडलं. "आणतो गं माय, आणतो," म्हटलं, आणि तिच्यासाठी वेगळी घोटून ठेवलेली भाजी आणायला उठलो.